मर्यादेबाहेरचं एक खातं

सर, धुळ्याच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षाला असताना मी एक प्रोग्राम लिहिला होता, स्वतःच्याच प्रती काढत सुटणारा. गंमत म्हणून. एका सर्व्हरवर आम्ही चाळीस जण बसलेले. मिनिटभरात सगळ्यांचे स्क्रीन थिजले. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणालात, "मशीन तुना एकलीनं शे का वं? बठ्ठासनं शे." सगळ्यांचं आहे, एवढंच सांगितलंत आणि मग माझ्याच हातून प्रत्येक खात्याला मर्यादा घालून घेतलीत: एका वेळी किती प्रोग्राम चालतील, किती मेमरी मिळेल. सगळ्यात आधी तुमच्या स्वतःच्या खात्याला.

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. आता जळगावच्या एका कॉलेजात असाच सामायिक सर्व्हर मी सांभाळते. रुजू झाल्यावर मर्यादा घातल्या, तर विभागप्रमुख हसत आले. "मॅडम, पोरांना वेसण घाला. आम्हाला कशाला? आम्ही काय पंगतीत दोनदा बसतो का?" स्टाफरूम हसली. मी त्यांचं खातं वगळलं. वाद घालायचा कंटाळा आला होता, एवढंच.

गेल्या आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना त्यांनी आपल्या संशोधनाचं गणित सुरू केलं आणि त्याने सगळी मेमरी खाल्ली. मी शोधून ते बंद करेपर्यंत आठ मिनिटं गेली. नेमका तेव्हाच पिंपळनेरच्या एका मुलीचा नंबर लागला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तिचा प्रोग्राम नुसता थांबून राहिला. त्यांनी 'आउटपुट नाही' असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. कोणाच्या खात्याने मशीन अडवलं, हे माझ्यासमोर स्क्रीनवर होतं. प्रमुख शेजारीच उभे होते. मी गप्प बसले.

त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्याला मर्यादा घातली. त्यांना अजून कळलेलंही नाही. ती मुलगी मात्र रोज लॅबमध्ये येते, तोच प्रोग्राम चालवते आणि रोज तो दोन सेकंदांत बरोबर उत्तर देतो. "मॅडम, मग त्या दिवशीच का अडकला? माझं काय चुकलं?" मी म्हणते, "लूप पुन्हा तपासून बघ." ती मान खाली घालून तपासत बसते.

लूप बरोबर आहे, सर. मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. गुण सोमवारी विद्यापीठाकडे जातील, आणि हे तिला सांगायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसले आहे.