सर्व्हरच्या पाठीवरचं कुंकू

लातूर, दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

बोटावरचं कुंकू अजून गेलं नाही, अन् हसूही. काल पूजेसाठी बंद केलेला क्लासचा सर्व्हर आज चालू झाला, पण नेटवर्क काही केल्या लागेना. चारला पोरांची ऑनलाइन सराव परीक्षा! सर्व्हरच्या लिनक्सचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, एकच सांगून राहिला होता: वायर जोडलेली नाही. अरे बाबा, समोर दिसतीय की! सेटिंग तपासली, चारदा रीस्टार्ट केलं. साडेतीन वाजले.

ऑफिस सांभाळणाऱ्या शमीम आपा चहा घेऊन आल्या. विचारलं, "आपा, काल याला कुणी हात लावला होता का?"

"मीच पुसला न सर. वायर काढली होती. मग मोठ्या सरांनी नेमकं त्याच भोकावर कुंकू लावलं. पूजेच्या कुंकवावर वायर कशी खुपसावी? म्हणून शेजारच्या भोकात घातली."

म्हणजे पूजा सर्व्हरच्या पाठीची झाली होती! अन् नेटवर्कची सगळी सेटिंग त्या कुंकवाच्या भोकालाच केलेली, शेजारच्याला नाही. वायर परत तिथं लावली. टोक लाल झालं, दिवा हिरवा लागला. चारला परीक्षा सुरू.

लॉग बिचारा दुपारभर खरं बोलत होता, मीच ऐकलं नाही. आणि काल त्याच मशीनपुढं हात जोडून उभा होतो!