पाठमोरी

ती. आईस,
लांबूनच पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, दोन वेळ जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आमच्या चित्रकलेच्या वर्गात टॅबलेट आलेत. चित्र कसकसं काढलं, ते त्यात पहिल्या रेघेपासून पुन्हा बघता येतं. आज मुलांना मी बाबांचं शेवटचं चित्र तसं दाखवलं. इथे आले होते तेव्हा माझ्या टॅबलेटवर काढलेलं, तू पाठमोरी बसून वेणी घालतेस ते. बाबा गेल्यावर मी ते छापून पाठवलं, दादाने भिंतीवर लावलं, तर "शेवटी माझं तोंडही नको झालं त्यांना," म्हणून तू ते माळ्यावर टाकलंस.

आई, त्यांनी आधी तुझा चेहराच काढला होता. हात थरथरायचा, डोळे जमेनात, म्हणून पुसला. असा अकरा वेळा. जन्मभर चित्रकला शिकवताना वर्गात खोडरबर आणू न देणारा माणूस. बाराव्या वेळी त्यांनी चित्रात तुला पाठमोरी बसवलं.

एका मुलीने विचारलं, "बाई, एवढं छान होतं, मग पुसलं का?" मी मुलांकडे पाठ करून कोराच फळा पुसत राहिले.

माळ्यावर तू चढू नकोस, दादाला सांग. खिळा अजून भिंतीतच असेल.

तुझी,
धाकटी