प्रफुलची ढोलकी आणि यंदाचे नंबर

मी, मधुकर सदाशिव थूल, वय अडुसष्ट, पंचायत समितीतून सेवानिवृत्त कनिष्ठ सहायक, राहणार आंजी (मोठी), तालुका व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. साखरेची गोळी रोज घेतो, त्याशिवाय दुखणे नाही. डोके ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्या पत्नीचा तर लिहूच नका असा आग्रह होता. "मेल्यावरच्या गोष्टी जितेपणी कायले लिहून राह्यले?" असे ती म्हणाली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण आपल्यामागे मुलगा आहे असे धरून चाललो होतो.

कलम १. कुटुंब. पत्नी मंदाबाई. मुलगी रीता, लग्न होऊन आर्वीला असते. मुलगा प्रफुल, अविवाहित, वय एकतीस, दिनांक २४ मे २०२४ रोजी कारंजा (घाडगे) येथील बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम करून परत येताना हायवेवर वारला. तो भैयाजींच्या भीमगीत पार्टीत ढोलकी वाजवत असे. पार्टीचा टेम्पो उभ्या ट्रकवर मागून गेला. भैयाजी समोर ड्रायव्हरजवळ बसले होते, त्यांचा पाय मोडला. प्रफुल मागे सामानापाशी होता. ढोलकी त्याच्या मांडीत होती. तिला ओरखडाही नाही.

कलम २. घर. आंजी येथील दोन खोल्यांचे घर व मागचा परसू माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्यामागे ते मंदाबाईच्या मालकीचे राहील व तिच्यामागे रीताचे. रीताने पुढे ते विकायचे ठरवल्यास माझी हरकत नाही. तिला इकडे येऊन राहावे लागेल अशी अट मी घालणार नाही. माणसे अटी घालून जातात आणि मागच्यांना पाळाव्या लागतात.

कलम ३. बचत. बँकेतील व पोस्टातील सर्व रक्कम मंदाबाईची. तिच्यामागे जे उरेल त्यातून विहाराला सतरंज्या घ्याव्यात. सतरंज्याच घ्याव्यात, भोंगे नाही. भोंगे पुष्कळ झाले, बसायला जागा नाही.

कलम ४. जंगम वस्तू. सायकल व रेडिओ रीताच्या मुलाला. पाने, पक्कड, हातोडी यांचा डबा शेजारचे धनंजय यांना, कारण तो आताही बहुतेक त्यांच्याकडेच असतो. प्रफुलची मोटारसायकल विकलेली आहे. माझे लहान भाऊ बबनराव यांनी तिसऱ्याच दिवशी, भंतेजी अजून बसलेले असताना, मला बाजूला घेऊन म्हटले होते, "भाऊ, गाडी उगीच गंजून जाईन, विवेकले कामी येईन." विवेक त्यांचा मुलगा. पुढच्या आठवड्यात मी गाडी विकली. बबनरावांना यात माझे उत्तर मिळाले असेल असे मी समजतो.

कलम ५. अंत्यविधी. बुद्धवंदना व्हावी, पुण्यानुमोदनाला साधे जेवण व्हावे. भैयाजींनी माझ्या मयतीत गाऊ नये. अपघाताचा दोष मी त्यांना देत नाही, टेम्पो ते चालवत नव्हते. परंतु "हार्मोनियमवर लक्ष ठेव, मागं बस" हे त्या दिवशी त्यांनी प्रफुलला सांगितले होते. त्यांनीच दवाखान्यात रडत मला हे सांगितले. खरे बोलले, हे मला मान्य आहे. तरी गाऊ नये. यावे, बसावे, जेवावे.

कलम ६. यंदाचे नंबर. हे कलम मृत्युपत्रात का, असे वाचणाऱ्याला वाटेल. पुढचे कलम यावर उभे आहे म्हणून लिहावे लागते.

आमच्या घरी वर्ष बुद्ध पौर्णिमेपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत मोजले जाई. गावोगावच्या जयंत्या आटोपून कार्यक्रम थंडावले की प्रफुल एका जेवणाला बसून वर्षभरात ऐकलेल्या कार्यक्रमांचे नंबर लावायचा. मी प्रेक्षकांतून ऐकलेले सांगायचो, तो स्टेजच्या बाजूने ऐकलेले सांगायचा, आणि मंदा दोघांनाही खोटे पाडायची. भांडणे होत. एकदा मंदाने पहिल्या नंबराच्या बाईला चौथ्यावर ढकलल्याशिवाय पोळ्याच वाढल्या नाहीत. ज्या कार्यक्रमात तो स्वतः वाजवायला बसला त्याला नंबर द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्यामुळे भैयाजींच्या पार्टीचा विचार कधी झालाच नाही. यंदा ती अडचण राहिली नाही.

तो गेल्यावर मी वर्षभर कार्यक्रमांना गेलो. ढोलकी मागायला तीन ठिकाणांहून माणसे आली होती. बबनराव विवेकसाठी आले, "घरातली वस्तू घरात राहू द्या" म्हणत. भैयाजींनी निरोप पाठवला की ती पार्टीत वाजत राहिली तर बरे. विहाराच्या मंडळालाही हवी होती. मी सगळ्यांना सांगितले की एक वर्ष थांबा, मी ऐकतो, मग सांगतो. मंदाने कोणालाच काही सांगितले नाही. तिने ढोलकीला खोळ घातली आणि मधल्या खोलीत खुंटीला टांगली. ती एकाही कार्यक्रमाला आली नाही. मी निघालो की म्हणायची, "घरात मयत झालं का लगन, हेच समजून नाई राह्यलं लोकाईले." मी तरी जात असे.

माझे नंबर असे.

चौथा, आंजी, रमाई जयंती. आपल्याच गावची पोरे. विवेकचा हात चांगला आहे, हे मी बबनरावांवरचा राग बाजूला ठेवून लिहितो. परंतु त्याची लय धावते. गायक मागे राहतो आणि हा पुढे जाऊन मोबाइलकडे पाहतो, कोण व्हिडिओ काढत आहे म्हणून. ढोलकी त्याला देऊ नये.

तिसरा, देवळी, संविधान दिन. दोन पार्ट्यांचा मुकाबला होता, जबाबाला जबाब चांगला जुळला. आवाजाची मशीन सांभाळणाऱ्याने सगळेच इतके वाढवले की ढोलकी ऐकूच आली नाही, म्हणून तिसरा. नाहीतर वर गेला असता.

दुसरा, सेलूकडचे एक लहान गाव, सावित्रीबाई जयंती. दुसऱ्याच गाण्याला लाइन गेली. बायांचीच पार्टी होती. त्यांनी वाट पाहिली नाही, खाली उतरून लोकांत बसल्या आणि बिना माइकचे गायल्या. माझ्या शेजारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "आता आलं बाप्पा समजायले, बाई काय म्हणून राह्यली ते." लाइन परत आली तेव्हा लोकांनी हॅलोजन बंद करायला लावले.

पहिला, कारंजा (घाडगे), बुद्ध पौर्णिमा, दिनांक १२ मे २०२५. गाणारे भैयाजी.

हा नंबर मी आनंदाने देत नाही. त्या कार्यक्रमात काहीतरी खोट काढावी म्हणूनच मी गेलो होतो. गाव तेच, पार्टी तीच. पाय मोडल्यापासून भैयाजी बसून गातात. पूर्वी त्यांचा आवाज लोकांच्या अंगावर येत असे, आता तो जागेवर राहतो आणि लोकच पुढे सरकतात. ढोलकीवर देवळीची आचल होती. वय सव्वीस असेल, झेरॉक्सच्या दुकानात काम करते. ती बसली तेव्हा मागून पोट्टे ओरडले, "ओ भैयाजी, माणसं सरले का तुमच्या पार्टीतले?" तिने वर पाहिले नाही. दुसऱ्या गाण्यापर्यंत ओरडणारे गप्प झाले होते.

मग साथीदारांची ओळख आली. आमच्याकडे गायक एकेकाचे नाव घेतो आणि ज्याचे नाव घेतले त्याने आपल्या वाद्यावर एक तुकडा वाजवून उत्तर द्यायचे. उठायचे नाही, हात जोडायचे नाहीत, वाजवूनच सांगायचे की मी इथे आहे. भैयाजी हे सगळे एका दमात म्हणतात. कित्येक वर्षांची सवय. हार्मोनियमवाल्याचे नाव घेतले, त्याने उत्तर दिले. बँजोवाल्याचे घेतले, त्याने दिले. त्याच दमात ते म्हणाले, "अन् ढोलकीवर, आंजीचा ढाण्या वाघ, प्रफुल थूल!"

टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यात थांबल्या. मागून कोणीतरी म्हणाले, "अहो, तो तं गेला नं जी." दुसरा म्हणाला, "गप राह्य न बे."

आचलचे हात उचललेले होते, कारण पाळी तिचीच होती. तिने दोन्ही तळवे दोन्ही पुड्यांवर सपाट ठेवले आणि दाबून धरले, ढोलकीने चुकून आवाज करू नये असे. जेवढा वेळ उत्तर चालते तेवढा वेळ तिने तसे धरले. भैयाजी माइक तोंडाशी धरून होते आणि माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिले. मग तिनेच पुढच्या गाण्याचा ठेका धरला. तिचे नाव त्या दिवशी कोणी घेतले नाही. ती शेवटपर्यंत बिना नावाची वाजवत राहिली, आणि असे वाजवणे मी वर्षभरात कुठे ऐकले नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी तिच्याजवळ गेलो. "बाई, तुह्यं नाव घ्यायचं राह्यलं," म्हणालो.

"राह्यलं तं राह्यलं, काकाजी," ती म्हणाली. "त्याईचं नाव घेतलं होतं. मी काऊन जबाब देऊ?"

मी कोण, हे तिला माहीत नव्हते.

कलम ७. ढोलकी. वरील कारणाने प्रफुलची ढोलकी आचलला द्यावी, असे कलम मी लिहिले होते. तो कागद घेऊन वर्ध्याला वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी वाचला आणि मला पाणी दिले. मुलगा अविवाहित वारल्यास त्याच्या वस्तूंवर आईचा हक्क असतो, आई असताना बापाचा नाही, असा कायदा आहे. "तुमचं नसलेलं तुम्ही कसं देणार, काका?" त्या म्हणाल्या. बत्तीस वर्षे सरकारी कागद हाताळूनही मला हे ठाऊक नव्हते. ते कलम मी खोडले आहे. खोडलेल्या जागी सही केली आहे. ज्या तिघांना मी एक वर्ष थांबायला सांगितले, त्यांना तसे सांगण्याचाही मला अधिकार नव्हता.

घरी येऊन मंदाला सगळे सांगितले आणि कलम सहा वाचून दाखवले. ती गव्हातले खडे काढत होती. कारंज्याचे वाचले तेव्हा हात थांबला. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हंजे वस्तू माही हाये."

"तुहीच हाये."

"अन् तुमी वर्षभर नंबर लावत फिरले."

मी कागदाची घडी घातली.

"मी तिले ऐकलं नाई. न ऐकता मी काय सांगू? बलावजा तिले एखांद्या दिवशी."

आचल मागच्या रविवारी दुपारी देवळीहून बसने आली. मंदाने स्टुलावर चढून ढोलकी स्वतः काढली, खोळ उतरवली आणि तिच्यासमोर ठेवली. मला मदत करू दिली नाही. आचलने दोन्ही बाजूंना बोटाने वाजवून पाहिले. वर्षभरात पुडीचे कातडे पार सैल पडून ती उतरली होती. तिने पिशवीतून पाना काढला, नटाला लावला, आणि मंदाचा चेहरा पाहून थांबली.

"काकू, उतरली हाये. थोडी ताणू का?"

"नोको," मंदा म्हणाली. "त्यानं कारंज्याले ताणली होती. मंग कोणं हात नाई लावला."

तेव्हा मला समजले की मंदाने वर्षभर काय टांगून ठेवले होते. एका घरात राहून मला ते समजले नव्हते. मी बाहेर ऐकत फिरत होतो.

आचलने पाना पिशवीत ठेवला आणि ढोलकी जशी होती तशी वाजवली. ओल्या पोत्यावर हात मारावा तसा आवाज होता. चांगले वाजणे शक्यच नव्हते. कोणताही वादक अशी ढोलकी माणसांसमोर वाजवणार नाही, त्याची लाज जाते. तिने एक पूर्ण गाणे वाजवले, सावकाश, कुठे न चुकवता. मंदा तिच्या हातांकडे पाहत होती. गाणे संपल्यावर आत गेली, तोंड धुऊन आली आणि चहा ठेवला.

चहा झाल्यावर तिने जे सांगितले ते मी तिच्याच शब्दांत लिहितो: "मी हावो तवर थे इथंच राहीन. माह्या मागं इची. मंग ताण म्हणा, काय करायचं थे कर म्हणा. अन् बाई, तू येत जाजो. पाना नोको आणू."

वकीलबाईंच्या सांगण्यावरून मंदाबाई याबाबत स्वतःचे वेगळे मृत्युपत्र करणार आहे. तोपर्यंत तिचे म्हणणे इथे नोंदवले असून त्याखाली तिने सही केली आहे. मी आधी गेल्यास बबनराव, भैयाजी, मंडळ किंवा अन्य कोणी तिच्याकडे ढोलकी मागायला येऊ नये. आल्यास तिने दार उघडले पाहिजे असे नाही.

कलम ८. अंमलबजावणी रीताने करावी.

आचल बसने परत गेल्यावर मी मंदाला विचारले की आजच्या वाजवण्याचा नंबर कितवा धरायचा. ती खोळीची नाडी बांधत होती. म्हणाली, "पौर्णिमा तं आत्ताच झाली. वर्ष सरू द्या आधी."

वरील मजकूर मी पूर्ण वाचला असून तो माझ्या मनाप्रमाणे आहे. पुढील दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: मधुकर सदाशिव थूल

कलम सातपुरती सही: मंदाबाई मधुकर थूल

साक्षीदार:
१. अनुसयाबाई नगराळे, महिला मंडळ, बुद्ध विहार, आंजी (मोठी)
२. मधल्या आळीचे भगत गुरुजी, सेवानिवृत्त शिक्षक (धनंजय यांना डबा मिळणार असल्याने त्यांना साक्षीदार घेतलेले नाही)

ठिकाण: आंजी (मोठी), जिल्हा वर्धा
दिनांक: २२ जून २०२५