गाव लाल काहून झालं

पारडी, ता. घाटंजी
१० डिसेंबर २००८

चि. मोनाली,

जयभीम. आमी सगळे बरे आहोत, तूही बरी असशीलच. पण हे कोणतं वागणं झालं? माह्याच अंगणात, माह्याच खाटेवर बसून तू मले इचारलं, "बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा." बाई? शाळेत होती तवर ज्या आत्यानं तुही वेणी घातली, तिचं नाव तुले लिहून घ्या लागलं. संगातल्या सायबापुढं ओळख दाखवायची नाही असा तुह्या कंपनीचा नियम असन, तं नुसती हासली असती तरी चाललं असतं. चहात साखर तुले आवडते तशी टाकली, तरी तू मान वर केली नाही.

जाऊ दे. राग आला अन् उतरला. आता दुसरंच डोक्यात फिरून राह्यलं.

तुमी लोकं इचारत काय होते? कापूस किती झाला हे कोणी इचारलं नाही. विहिरीले पाणी कुठवर, नाल्यात मासोळ्या आहेत का, मधमाश्या दिसतात का, पावसाळ्यात बेडूक ओरडतात का. कापडाच्या कंपनीले बेडकाचं काय करायचं आहे? शेजारची इंदूबाई म्हणे, बाहेरदेशी बेडूक खातात, तिकडं पाठवत असतील. मले ते काही पटलं नाही, पण दुसरंही काही सुचलं नाही.

आता आमची गंमत ऐक. दोन वर्षांआधी सरकारी मदतीच्या पॅकेजचा सर्वे आलता. तुहे मामाजी सरळ माणूस, "थोडंबहुत पाणी आहे" म्हणून मोकळे झाले. आमचं नाव कटलं. गावातला हरिसिंग "सगळंच गेलं" म्हणून रडला, त्याचं नाव बसलं. तेव्हापासून गावात कोणी कागद-पेन घेऊन आलं का रडायचंच, हे ठरलेलं. तुमाले पाहून वाटलं, हेही पॅकेजवालेच. मी पहिली बसली होती. म्हटलं, विहीर होळीपासून कोरडी, नाल्यात जीव नाही, मधमाशी नाही, बेडूक तं लेकरायले पुस्तकात दाखवा लागते. माह्या मागच्या सगळ्यायनं तेच म्हटलं. हरिसिंगनं तं चिमण्याही मारून टाकल्या.

तुमची भाड्याची गाडी जहीरची होती, चालवतही तोच होता. त्यानं सायबाचं बोलणं ऐकलं अन् मले घाटंजीच्या बाजारात सांगतलं. म्हणे कंपनी गावायले रंग देते, हिरवा, पिवळा, लाल. जिथं पाणी अन् जीवजंतू संपत आले तिथं पुढं कापूस भेटणार नाही, वरून कंपनीचीच बदनामी होईन, म्हणून तिथं खरेदी केंद्र टाकत नाहीत. याले ते जोखीम म्हणतात. आपलं गाव लाल. संक्रांतीले आपल्या गावात कापूस मोजायचा काटा लागणार होता, बैलबंड्या घेऊन घाटंजीच्या रांगेत थंडीत पडून राहणं सुटणार होतं. ते गेलं. "कांताबाई, तुमी तं लय मन लावून रडल्या," म्हणे. अन् हासला मेला.

मंग मले चैन पडे ना. तुमी इचारलं ते खरंच काय आहे म्हणून मी नाल्यात उतरली. मोनाली, गोट्याखाली खेकडे आहेत. मासोळ्या आहेत. निळा खंड्या आहे, तो मले पाहून उडालाही नाही. पण जिथं आपली माणसं फवारणीचे पंप धुतात, त्या डोहात काहीच नाही. शेवाळही नाही. एवढ्या वर्षांत मी तिथूनच कपडे धुवून आली. कोणी इचारलं नव्हतं, म्हणून दिसलं नव्हतं.

विहिरीवर काही गेली नाही.

गेलती. खोटं कायले लिहू. ती कोरडी नाही. वाकलं का हाताले पाणी लागते. दिवाळीच्या आधी मामाजी काठावर पंप धूत होते, औषधाची भरली बाटली आत पडली. दुसऱ्या दिवशी बेडकं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. आमी वरून बोरीचे काटे टाकले अन् गावात सांगतलं का विहीर आटली. कोणी पाणी काढणार नाही, आपली लाजही झाकल्या जाईन, असं वाटलं. इंदूबाईची विहीर आमच्या खालच्या अंगाले आहे, झरा एकच, हे मले माहीत होतं. तिची सून तिथंच पाणी भरते. तिले सातवा महिना लागला आहे.

काल जाऊन इंदूबाईले सगळं सांगतलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणे, "कांता, सर्वेवाल्याले खोटं बोलली ते ठीक. मलेही?" आता त्यायच्या घरी गावातल्या हँडपंपाचं पाणी चालू आहे. ती माह्याकडं पाहत नाही.

म्हणून तुले इचारते. तुमच्यात तो चष्मेवाला होता, नाल्याचं पाणी बाटल्यायत भरून नेलं त्यानं. त्याले आमच्या विहिरीवर पाठव, इंदूबाईच्याही. अन् माह्या नावापुढं जे लिहिलं ते खोडून खरं लिही. खरं लिहिलं तं गाव लालच राहते का आणखी काही होते, ते मले कळत नाही. आटलेल्या विहिरीची कंपनीले भीती जास्त का नासलेल्या विहिरीची? अन् तुमी जोखीम मोजता ते कोणाची? कंपनीची का त्या पोरीची? टोमणा नाही मारून राह्यली, खरंच माहीत करून घ्यायचं आहे.

मामाजीले हे पत्र वाचून दाखवलं. म्हणे, माहं नावही लिही, पेटीत मीच टाकतो.

वीस तारखेच्या शनिवारपर्यंत मले उत्तर पायजे. सायबाले इचारून सांगते, असं लिहू नको. बाटल्यावाला येते का नाही, अन् त्याच्या संगं तू येते का नाही, एवढं लिही.

तुही आत्या,
कांता