लघवी : नॉर्मल

३ एप्रिल २००३, आखाडा बाळापूर
एका ग्लास पाण्याची खरी किंमत आज काढली. एक ग्लास म्हणजे एक फेरी. मार्केट यार्डाच्या भिंतीमागं जायला-यायला आठ मिनिटं. या वयात तिथं उभं राहून वाट बघायची आणखी चार. तेवढ्या बारा मिनिटांत आमचा संतोष दोन गिऱ्हाइकांना मला न विचारता डिस्काउंट देतो. आणि वर, मी परत आलो की म्हणतो, बा, किती चकरा मारता, आता आराम करा, किल्ल्या माझ्यापाशी द्या. म्हणजे ग्लासभर पाण्याला अख्खं हार्डवेअरचं दुकान. परवडत नाही. तांड्यावरून डोक्यावर दोराची भेंडोळी आणून विकली, त्याचं हे दुकान झालं. किल्ल्या कमरेलाच राहणार. उद्यापासून दिवसाला दोन ग्लास. बस.

९ एप्रिल
प्लॅन सक्सेस. दिवसभरात दोनच फेऱ्या. जमना म्हणाली, अवो, ओठ पाक तडकले तुमचे, काहून पाणी पेत न्हाईत? म्हटलं, उंटाला कुणी विचारतं का? म्हणाली, उंट दुकान चालवत न्हाई.
बायकोशी वाद घालत नाही मी. चाळीस वर्षांत तिच्यावर हात उचलला नाही. तांड्यात असा दुसरा दाखवा.

१६ एप्रिल
लघवीला आग. उन्हाळी लागली, दुसरं काही नाही. सबजा भिजवून प्यायचा असतो. भिजवायला पाणी लागतं, म्हणून कोरडाच बोकणा भरला. घशातच फुगला.

२१ एप्रिल
दवाखान्यातल्या नर्स रुपाबाई दुकानात आल्या. म्हाताऱ्यांच्या लघवी तपासणीचं शिबिर आहे, पण कुणी यायला तयार नाही, तुमचं ऐकतील म्हणाल्या. बरोबर माणूस गाठला. संध्याकाळी चौकात भाषण ठोकलं. लाजू नका, दाबून धरू नका, पाणी प्या. म्हातारपणी लघवीत जंतू झाले तर दर वेळी ताप येतोच असं नाही. माणूस एकदम बडबडतो, भलतंसलतं बघतो, अंगावर धावून येतो, आणि घरचे समजतात डोकं फिरलं. हे सगळं बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, पण आवाज माझा. टाळ्या पडल्या. समोरच्या दुकानातला टेलर इब्राहीम, माझा जुना दोस्त, हळूच बोलला, तू खुद पीता क्या रे? माझे कान तिखट. ऐकलं. ऐकलं नाही असं केलं.

२३ एप्रिल
शिबिर. एकतीस म्हातारे हजर केले. पहिली बाटली शिबिराच्या अध्यक्षांची, म्हणजे माझी. बघतो तर गढूळ. वास तर विचारू नका. अध्यक्षानं असली बाटली टेबलावर ठेवायची? आणि संतोषनं बघितली तर? इब्राहीमला भिंतीमागं नेलं. तो म्हणाला, अरे मेरे पास क्या कमी है, दोन भरून देतो. एकच घेतली.

२६ एप्रिल
रिपोर्ट आला. लघवी नॉर्मल. लॅमिनेशन करून गल्ल्याच्या वर टांगला. संतोषला वाचून दाखवला. किल्ल्या विसर म्हटलं.

२ मे
भर उन्हात थंडी वाजून राहिली. हवा बदलली असेल. एक गिऱ्हाईक म्हणतं, मालक, दोनदा पैसे घेतले. खोटारडं. लोखंडी बादली फेकून मारली, खांद्यावर बसली. नेम अजून शाबूत आहे.

४ मे
कान आता फारच तिखट झालेत. पत्र्यांच्या थप्पीमागं माणसं कुजबुजतात. म्हाताऱ्याला दाबा, किल्ल्या काढा. संतोष म्हणाला, बा, तिथं कोणीच न्हाई, उंदीर असल. उंदीर मराठी बोलत नाहीत. कुदळीचा दांडा घेतला आणि घातला. सहा पत्रे वाकले. संतोष आडवा आला, त्याच्या पाठीत एक बसला. मग आवाज थांबले. त्यानं डॉक्टर बोलावला. डॉक्टरनं गल्ल्यावरचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाला, लघवी तर नॉर्मल आहे, वयामुळं होत असेल. बघा. नॉर्मल.

५ मे, दुपारी अडीच, घरी
आले. पाच जण. स्वयंपाकघराच्या दारातून. पुढच्याच्या हातात चकाकतं हत्यार. दांडा घातला. हाड वाजलं, या कानांनी ऐकलं. दुसरा डोक्यात. रक्त. पाणी कुठून आलं कळत नाही, सगळी फरशी ओली. खाली पडलेला एक माझं नाव घेत होता. यांना नाव कसं ठाऊक? आतून कडी लावून लिहितोय. किल्ल्या कमरेलाच आहेत. या वयात एकट्यानं पाच लोळवले. नोंद राहावी.

१३ मे, नांदेड, हॉस्पिटल
सलाईन चालू आहे. लघवीतले जंतू रक्तात गेले होते. दोन दिवस उशीर झाला असता तर गेलो असतो, म्हणतात. इब्राहीमनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, वो रिपोर्ट मेरा है, इसका नहीं. त्यावरून इथं आणलं. गद्दार. संत्री घेऊन आला होता. बोललो नाही. संत्री खाल्ली.
संकल्प : दिवसाला आठ ग्लास. इथली नर्स मोजून पाजते.
त्या पाच जणांचं पोलिसांनी काय केलं, विचारलं. संतोष संत्र्यांच्या साली गोळा करून बाहेर टाकायला गेला.

१५ मे
जमना भेटायला आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. कपाळाला सहा टाके. डाव्या हातानं पाण्याचा ग्लास पुढं केला. म्हणाली, प्या, आता तरी प्या.
प्यालो.
किल्ल्या संतोषकडं आहेत. मागितल्या नाहीत.
पाच तारखेला दुपारी घरात जमना एकटीच होती. हातात पितळी तांब्या होता.