आईचा उलटा ठसा

माकुणसार,
२० नोव्हेंबर १९६६

चि. कृष्णकांत यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. पानवेलींना यंदा पानं बरी आली. तुझे भावोजी तारापूरच्या बांधकामावर रुजू झाले. पाम गावच्या आमच्या घरी ते एकटेच हात भाजून घेतात, कारण मी दिवाळीपासून माहेरीच आहे. का, ते पुढे सांगते.

तुझं चित्र पोचलं. आपल्या वाडीतल्या फणसाची फळी नेलीस तेव्हा आप्पांना वाटलं होतं, पोरगा पाट करील. आता तिच्यावरून छापलेला कागद उभा-आडवा फिरवून म्हणाले, "भोपळा हाय का विहीर?" खाली 'आई' लिहिलंय म्हटल्यावर कागद ठेवून उठले. एक काळा गोल, शेजारी कोरी जागा, तिच्यावरून एक तिरकी रेघ. चेहरा नाही, हात नाहीत. तू लिहिलंस, अशा चित्रात अंग दाखवायचं नसतं, त्याची खूण ठेवायची असते. असेल बाबा. पण मला रागच आला. बाई जे पदराखाली झाकते, ते तू दिल्लीच्या प्रदर्शनात भिंतीवर टांगणार?

आईनं मात्र त्या तिरक्या रेघेवरून बोट फिरवलं. मग चित्र छातीशी धरलं आणि हसली. मुंबईच्या ऑपरेशननंतर ती इतकी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती.

"मीच हाय ही," म्हणाली. "पण पोरगा चुकला. माझी डावी कापली, यानं उजवी कापलेली दाखवली."

मी समजावलं, की लाकडावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. तू एरवी हे ध्यानात ठेवून आधीच उलटं कोरतोस, तिचं चित्र कोरताना भान राहिलं नसेल.

तिनं चित्रातल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "चुकला नाय गं. त्याला कळलं असेल."

माझा हात धरून तिनं पदराखाली उजव्या अंगाला नेला. कृष्णा, तिथे सुपारीएवढी गाठ आहे. पावसाळ्यापासून लपवत होती. "त्यानंच दाखवलं, मग मी कशाला लपवू?"

पालघरच्या डॉक्टरांना दाखवलं. काखेत, गळ्याशी पसरलंय. आता कापून उपयोग नाही म्हणाले, घरी ठेवा, आवडेल ते खाऊ घाला. म्हणूनच मी पामला परत गेले नाही.

तू अपशकुनाचं खूळ डोक्यात घेशील, मी ओळखते तुला. घेऊ नकोस. गाठ आधीच होती, चित्रामुळे ती बोलली एवढंच. आप्पांनाही हेच सांगितलं. तरी ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतात, आणि आई रोज मागून घेते.

नवी फळी कोरून चूक सुधारत बसू नकोस. "त्याचं प्रदर्शन होऊ दे, त्याला लिहू नको," म्हणून आईनं मला शपथ घातली आहे. ती तुला बोलावणार नाही. तिनं आयुष्यात कुणाला बोलावलंय? पण दुपारची गाडी गेली की ओटीवर येऊन बसते. स्टेशनाकडून येणारी माणसं संपली की उठून आत जाते. मला बघवत नाही रे.

चित्राला एकट्याला जाऊ दे दिल्लीला. तू इकडे ये. आई अजून आहे.

तिची शपथ मोडणारी,
तुझी ताई,
मंदा