चवीपुरतं मीठ

९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

इकडची खुशाली कळवायची रीत आहे म्हणून कळवते, पण या खेपेला ती अर्धीच खरी आहे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे चव्हाट्यावर बोलणं. सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं ऐकू जातं. तुझ्याकडे भाऊजी फोन टेबलावर ठेवून साऱ्या खोलीला ऐकवतात. तेव्हा हे पत्र वाच आणि कपाटात तुझ्या साड्यांखाली ठेव. तिथे भाऊजी काही हात घालत नाहीत.

गेल्या महिन्यात मला ताप आला होता ना, तो गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. नाकाबरोबर चवही गेली. तिखट झोंबतं तेवढं कळतं, बाकी काहीही खाल्लं तरी ओला कागद चावल्यासारखं वाटतं. आधी वाटलं सर्दी असेल. मग बाजारात जाते असं सांगून एकटीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले की चव परत येईलही, किंवा येणारही नाही. एवढं शिकून एवढंच सांगता आलं, याचा मला राग आला.

घरात कुणाला सांगितलेलं नाही. तू ओरडशील, पण आधी ऐक. तुझ्यासारखी मी कधी नोकरीला गेले नाही. या घरात मला जो काही मान आहे तो ओट्यापाशी उभं राहून मिळवलेला आहे. रविवारी लेक आणि जावई येतात ते माझ्या हातचं खायला. यांना चष्म्यांच्या दुकानातून मान वर करायला फुरसत नसते, पण रविवारी दुपारी हे पानावर असतात म्हणजे असतात. सासूबाई तर काय, लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवत आल्या आहेत, आणि तरी जेवायला हाक मारायच्या आधी येऊन बसतात. उद्या घरात कळलं की हिला मीठ समजत नाही, तर सगळे मिळून मला खुर्चीत बसवतील, लेक एखादी स्वयंपाकीण शोधून आणेल, आणि मी माझ्याच घरात पाहुणीसारखी जेवीन. ते मला सोसायचं नाही.

सध्या अंदाजपंचे चाललंय. हाताला सवय आहे म्हणून निभावतं. पण परवा हे जेवता जेवता थांबले आणि माझ्याकडे पाहत राहिले. तेव्हापासून मी यांच्या पानाकडेच बघत असते. तू शाळेत मुलांना गणित शिकवतेस, तर मलाही शिकव. असं काहीतरी सांग की जे तोंडात न घालता, नुसतं मापून करता येईल.

लोभ आहेच. या वेळी सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझी
थोरली जाऊ


१७ जानेवारी

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुमच्यावर चिडले आणि मग रडले. दोन्ही शाळेच्या मधल्या सुट्टीत उरकलं, त्यामुळे पुढच्या तासाला माझा वर्ग फार शहाण्यासारखा बसला होता. ताई, इतके दिवस एकटीने का काढलेत?

असो. रागावणं भेटीत. आता गणित. तुमच्या हातची चव घरात प्रत्येकाला पाठ आहे, जरा इकडचं तिकडे झालं की लगेच पकडली जाईल. म्हणून घरात कुणी कधी खाल्लंच नाही ते करा. मग ताडून बघणार कशाशी?

आमच्या खाली राहणारे कप्तान तुम्हाला आठवतात ना? सगळे कप्तान म्हणतात, पण गृहस्थांनी आयुष्यात सुकाणू धरलं नाही, जहाजाच्या भटारखान्यात डाव धरला. इटालियन खलाशांबरोबर राहून ते त्यांचं घरचं जेवण शिकले आणि त्यांच्याकडून मी. हॉटेलात सजवून आणतात ते नव्हे. दमून घरी आलेल्या माणसाला पोटभर वाढायचं, तसलं.

पहिलं म्हणजे टोमॅटोचा सॉस. एक किलो टोमॅटो गरम पाण्यातून काढून सोला, एक कांदा मधोमध चिरून त्यात टाका, लोण्याचा लिंबाएवढा गोळा, आणि मीठ चहाचा सपाट एक चमचा. शीग नको, ताई, सपाट. मंद आचेवर पाऊण तास. कांदा शेवटी काढून टाका. दुसरं लसान्या. पास्त्याच्या रुंद पट्ट्या, त्यावर हा लाल सॉस, त्यावर पांढरा सॉस, त्यावर चीज, पुन्हा पट्ट्या, असे चार थर, आणि मग ओव्हनमध्ये वरून खरपूस होईपर्यंत. पांढऱ्या सॉसला लोण्यात मैदा कच्चा वास जाईपर्यंत परता आणि थोडं थोडं दूध घालत घोटा. मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. ‘चवीपुरतं मीठ’ असं कुठेही लिहिलेलं नाही, हे बघून घ्या.

घरात दुसऱ्या कुणाला नाही तरी दादांना मात्र सांगा, असं मला मनापासून वाटतं. तुमचं ऐकेन, पण वाटतं.

तुमचे भाऊजी मजेत आहेत, साड्यांखालचं त्यांना माहीत नाही. असाच जीव लावत राहा.

तुमची
धाकटी


२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

मास्तरीणबाई, तुमचा विद्यार्थी पास झाला. लसान्या ओव्हनमधून काढला तेव्हा वरचं चीज असं फसफसत होतं की मलाच बघत राहावंसं वाटलं. लेकीने फोटो काढले. जावई हात पुसत आत आले आणि ओट्याशी उभे राहूनच कडेचा कुरकुरीत भाग खाऊन गेले. यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि म्हणाले की या वयात बायको नवीन काही शिकेल असं वाटलं नव्हतं. सासूबाईंनी पहिला घास बराच वेळ चावला आणि विचारलं की जेवायचंय की पोटात दुलई पसरून झोपायचंय. मग दुलईचा मोठा तुकडा संपवला.

पण एक भांडण आहे. कच्चा वास जाईपर्यंत परता, असं लिहितेस? अगं, मला वास आला असता तर तुला पत्र कशाला लिहिलं असतं? मी मैदा परतत उभी, उभी, शेवटी तो विटेच्या रंगावर गेला. टाकला आणि पुन्हा केला. तेवढ्यात हे आत आले, कढईकडे बघितलं आणि बाहेर गेले. बरं झालं, यांना स्वयंपाकातलं काही कळत नाही.

खरं सांगू, फार दिवसांनी मला स्वयंपाकाची भीती वाटली नाही. आणखी पाठव. रविवारसाठी लेक आत्ताच विचारतेय.

तुझ्या गणितावर लोभ जडलेली,
थोरली जाऊ


९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

कान पकडते. वर्गात असं लिहिणाऱ्या मुलाला मी उभं केलं असतं. वासाऐवजी हे बघा: मैद्याला आधी फेस येतो, मग फेस बसतो आणि मैदा ओल्या वाळूसारखा दिसू लागतो. तेव्हा दूध घालायचं.

आता तुमच्यासाठी खास. न्योकी म्हणजे बटाट्याचे छोटे गोळे. बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करा, मैदा घालून हलक्या हाताने मळा, लांब वळ्या करून बोराएवढे तुकडे पाडा आणि काट्याच्या पाठीवरून एकेक घरंगळवा. पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. उकळत्या पाण्यात टाकले की बुडतात, शिजले की आपोआप वर येतात. नाकाचं काम नाही, जिभेचं नाही. सगळं बोटांचं आणि डोळ्यांचं, आणि त्यात तुमचा हात कोण धरणार?

दादांना सांगितलंत का? पुन्हा विचारते म्हणून रागावू नका.

शाळेत परीक्षा आहेत, म्हणून आज एवढंच. प्रेम मात्र पुरेपूर.

तुमची
धाकटी


२५ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

तुला विश्वासाने लिहिलं होतं. ते तू यांना सांगितलंस, असं मी धरून चालले आहे.

रविवारी न्योकी केले होते. गोळे छान जमले. सॉस रटरटत असताना दाराची बेल वाजली, लेक आणि जावई आले, बोलण्यात गुंतले, आणि परत आले तर सॉसमध्ये मीठ घातलं की नाही ते आठवेना. पूर्वी बोट बुडवून जिभेला लावलं असतं आणि विसरून गेले असते. मिठाच्या बरणीचं झाकण उघडं होतं, चमचा कोरडा होता. बाहेर चार माणसं बसली होती. कुणाला विचारणार? नाही घातलं असं समजून घातलं.

जावई घासागणिक पाणी पीत होते. लेक मान खाली घालून भराभर जेवत होती. यांनी नेहमीसारखं पुन्हा वाढायला सांगितलं. तरीही मला काही कळलं नव्हतं. आणि मग सासूबाई म्हणाल्या की आज फार छान झालंय.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. लेकीच्या बारशाला मी शंभर पानं एकटीने उठवली तेव्हा ही बाई छान म्हणाली नव्हती. तिथल्या तिथे समजलं की सगळ्यांना माहीत आहे. लेकीला आत नेऊन विचारलं तर ती रडायलाच लागली. म्हणाली की पहिल्यापासून ठाऊक आहे, बाबांनी सगळ्यांना बजावलं होतं की आईला जाणवू द्यायचं नाही.

भातुकलीत लहान मुलगी वाढते आणि मोठी माणसं खोटंखोटं खातात, तसे हे सगळे इतके रविवार माझ्या पुढ्यात बसून जेवले. मी आपली फुलून यायचे. मला लाज वाटते, धाकटे, आणि रागही येतो, आणि कुणाचा ते समजत नाही. सोमवारपासून स्वयंपाकाला बाई लावली आहे. मी ओट्याकडे गेलेले नाही. आता पाककृती पाठवू नकोस.

थोरली जाऊ


३ मार्च

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी सांगितलं नाही. ते आधी.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात दादांनी माझ्या शाळेत फोन केला होता. म्हणाले की ओट्यावर दूध करपून घरभर वास सुटला होता आणि तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या राहून शांतपणे काकडी कापत होतात. ते काय समजायचं ते समजले. मला म्हणाले की ती सांगेल तेव्हा सांगेल, तोवर तिला स्वयंपाकातून उठवायचं नाही, आणि तू तिला काही बोलू नकोस. ताई, तुम्ही मला त्यांच्यापासून लपवायला सांगितलंत आणि त्यांनी तुमच्यापासून. मी दोन्हीकडे हो म्हटलं. मुलांना एवढं गणित शिकवते, पण हे मला सुटलं नाही. ते माझं चुकलं.

त्यांनी कीव केली, असं तुम्हाला वाटतंय. मला नाही तसं वाटत. फोनवर दादांचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता तसा होता. ते घाबरले होते. तुम्ही ओट्यापासून दूर झालात तर तुमचं काय होईल, हे त्यांना तुमच्याइतकंच कळत होतं. खारट सॉस पुन्हा मागून घेणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

पाककृती पाठवत नाही. पण न्योकी छान जमले, असं तुम्हीच लिहिलंय, आणि ते कुणी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलेलं नाही. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.

माझ्यावर हवं तितकं रागवा, पण लिहा. पोस्टमन दोनदा रिकाम्या हाताने पुढे गेला, तर मला काही सुचत नाही.

तुमचीच
धाकटी


१६ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्यावर उगाच आळ घेतला. मोठी आहे म्हणून माफी मागत नाही, पण मागितली असं समज.

तुझं पत्र यांना वाचायला दिलं. हे चष्मा पुसत बसले, मग म्हणाले की मला यातलं काही जमत नाही, तुला बोलायला हवं होतं. मी म्हटलं की मलाही हवं होतं. एवढंच झालं, पण त्या रात्री आम्ही दोघंही नीट झोपलो.

तरी ओट्याकडे पाय वळेना. बाई बरं करायची म्हणतात. मला काय समजणार? नवल सासूबाईंचं. त्या तिच्या जेवणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही. यांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या की परक्या माणसाच्या हातच्या जेवणाला काय नावं ठेवायची.

काल रविवार, बाई सुट्टीवर. मी पाव आणि फळं आणायला निघाले होते, तर सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या, स्टूल ओढून शेगडीजवळ बसल्या आणि म्हणाल्या की ते तुझं लाल काय असतं ते कर. मी सांगितलं की मला आता मीठ समजत नाही. हे मी घरात पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या की मीठ मला समजतं, इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही म्हणून राहिलं.

मी सॉस केला. चमचाभर फुंकून त्यांच्या पुढे धरला. त्यांनी तोंड वाकडं केलं. अगदी पांचट आहे म्हणाल्या, आंबट आहे, आणि टोमॅटो असे शिजवतात का म्हणाल्या. मी चिमूटभर मीठ घातलं, पुन्हा धरला. अजून लागतंय म्हणाल्या. आणखी घातलं तर हात आवर म्हणाल्या, खारवायचंय का पुन्हा. त्या दिवशी छान का म्हणालात, असं मी विचारून घेतलं. म्हणाल्या की तुझ्या नवऱ्याने सांगितलं होतं, मला काय हौस होती खोटं बोलायची.

मला रडू आलं आणि हसूही. इतकी वर्षं या बाईने नावं ठेवली की मी रात्री उशीवर डोकं टेकून धुमसत असे. काल त्या पांचट म्हणाल्या आणि मला माझं घर परत मिळाल्यासारखं झालं.

जेवताना त्यांनी सगळ्यांना ऐकवलं की बरं आहे, त्यांना उकाड्यात बसावं लागलं म्हणून बरं आहे. जावई एकच पेला पाणी प्याले. मी घास घेतला, मला काही लागलं नाही. पुन्हा घेतला. यांच्याकडे बघितलं तर हे जेवत होते, नुसते जेवत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

सुट्टी लागली की तुम्ही दोघं या. कप्तानांनाही आणा, त्यांना सासूबाईंसमोर बसवू. जेवण कसं झालंय ते मला विचारू नकोस. ते सासूबाई सांगतील, न विचारता.

लोभ होता, आहे, आणि तो मापायला चमचा लागत नाही.

तुझी
थोरली जाऊ